दुसरा कोस



उपवासकाळातील आपली पदयात्रा जवळ आली आहे. दरवर्षीप्रमाणे यंदाही झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी आपण पहाटे आपल्या चर्चमधून निघून शेजारच्या धर्मग्रामापर्यंत चालत जाणार आहोत. अंतर चौदा किलोमीटर, वाटेत क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने. यात नवीन काही नाही. यंदा मात्र या पदयात्रेवरून एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर आम्हाला लगेच देता आले नाही. म्हणून आजचे हे चार शब्द.

सैन्यात असलेला आपल्या धर्मग्रामातील एक तरुण दोन वर्षांपूर्वी कर्तव्यावर असताना मरण पावला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. यंदाची पदयात्रा त्याच्या स्मरणार्थ काढावी, पुढे त्याच्या फोटोचा मोठा फलक असावा, असे युवक मंडळाने सुचवले. सूचना मनापासून होती. आम्ही होकार दिला आणि त्याच्या आईला कळवले. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर ती माउली सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"फादर, फलक नको," ती म्हणाली. "गावात चौकात लागलाय तेवढा पुरे. मला एकच सांगा. तुम्ही सगळे चाललात, पाय दुखवून घेतले, तर त्याला काय पोचतं?"

मग थोडे थांबून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "लोक त्याला शहीद म्हणतात. मी आई आहे, मला ठाऊक आहे तो कसा होता. सुट्टीवर आला तरी चर्चची पायरी चढायचा नाही. शेवटचं पापनिवेदन कधी केलं, देवच जाणे. त्याचं काय?"

तिच्या परवानगीने हे येथे लिहीत आहोत. त्या दिवशी आम्ही "मावशी, देव दयाळू आहे," एवढेच म्हणालो. ते खरेच आहे, पण तेव्हा ते आम्ही सुटका करून घेण्यासाठी म्हणालो, हेही कबूल केले पाहिजे. सेमिनरीत आत्म्याच्या अमरत्वावर वर्षभर अभ्यास केला, परीक्षा दिल्या. दारात उभ्या असलेल्या आईपुढे त्यातले काहीच आठवले नाही.

त्यानंतर आम्ही शोधू लागलो. मरण पावलेल्या सैनिकांसाठी चालण्याची प्रथा जगात आणखी कुठे आहे, आणि तिथे लोक चालताना नेमके काय करतात? त्यातून अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात निघणाऱ्या एका पदयात्रेची माहिती हाती आली. तिचे नाव 'बाटान मेमोरियल डेथ मार्च'. नाव ऐकून अंगावर काटा येतो, पण ती पदयात्रा समजून घेण्यासारखी आहे.

दर वर्षी वसंत ऋतूत, बहुधा मार्च महिन्यात, म्हणजे अनेकदा आपल्या उपवासकाळातच, व्हाइट सँड्स नावाच्या वाळवंटी लष्करी क्षेत्रात हजारो माणसे पहाटेच्या काळोखात एकत्र जमतात. त्यांत सैनिक असतात, विद्यार्थी असतात, निवृत्त माणसे असतात. कृत्रिम पायांवर चालणारे जखमी जवानही असतात. सूर्य उगवण्यापूर्वी बाटानमधून वाचून परतलेल्यांची हजेरी घेतली जाते. जो जिवंत आणि उपस्थित असे तो "हजर" म्हणे. जो गेला त्याचे नाव पुकारले जाते आणि कोणी उत्तर देत नाही. मग बिगुल वाजतो. दर वर्षी "हजर" म्हणणारे कमी होत गेले आणि आता त्या पिढीतील जवळजवळ कोणीही उरलेले नाही. त्यानंतर लोक चालू लागतात. पूर्ण मार्ग 26.2 मैलांचा, म्हणजे सुमारे 42 किलोमीटरचा. वाट डोंगराला वळसा घालून चढते आणि उतरते. वीस मैल झाल्यावर, पाय उचलेनासे झालेले असताना, घोट्यापर्यंत पाय रुतणाऱ्या वाळूचा लांबच लांब पट्टा लागतो.

यातील काही जण आपणहून पाठीवर 35 पौंड, म्हणजे सुमारे सोळा किलोंचे ओझे घेतात. ओझे कशाचे असावे? दगड, विटा, वाळू काहीही चालले असते. पण पुष्कळजण पिशवीत तांदूळ आणि घेवड्यासारखी कडधान्ये भरतात, बेचाळीस किलोमीटर ती वाहून नेतात आणि शेवटी गरिबांना शिधा देणाऱ्या स्थानिक संस्थेला देऊन टाकतात. हे वाचले तेव्हा आम्ही थोडा वेळ वाचायचे थांबलो.

ही पदयात्रा 1989 मध्ये न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीतील लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विभागाने सुरू केली. तेव्हा शंभरेक माणसे होती. 1992 पासून ती व्हाइट सँड्स येथे भरू लागली. 2020 मध्ये ती कोविडमुळे होऊ शकली नाही. त्याआधी एकदाच, 2003 मध्ये, ती रद्द झाली होती आणि त्याचे कारण होते इराकचे युद्ध. एका युद्धातील मृतांसाठी चालायचे होते, ते दुसऱ्या युद्धामुळे राहिले. माणसाच्या इतिहासाबद्दल यापेक्षा कडू गोष्ट कोणी मुद्दाम रचली नसती.

आता बाटानबद्दल. बाटान हा फिलिपिन्समधील एक द्वीपकल्प. दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकन व फिलिपिनो सैन्य जपानी सैन्याच्या वेढ्यात सापडले होते. अर्धपोटी, मलेरियाने पोखरलेले असे ते सैन्य तीन महिने लढले. जपानी सैन्याचा शेवटचा हल्ला सुरू झाला तो 3 एप्रिल 1942 रोजी. तो दिवस गुड फ्रायडे होता. 5 एप्रिलला ईस्टर झाला आणि 9 एप्रिलला, ईस्टरच्या आठवड्यातल्या गुरुवारी, सैन्य शरण गेले. सुमारे पंचाहत्तर हजार माणसे कैद झाली. त्यांतील बहुसंख्य फिलिपिनो, म्हणजे आपलेच कॅथलिक बांधव होते आणि दहा-बारा हजार अमेरिकन होते.

या आजारी माणसांना भर उन्हात सुमारे शंभर किलोमीटर चालवत नेले. अन्न जवळजवळ नाही, पाणी नाही. रस्त्याकडेला विहिरी दिसत होत्या, पण तिकडे धावणाऱ्याला संगिनीने भोसकले जाई. जो खाली बसला तो बहुधा पुन्हा उठला नाही. सान फर्नांडो गावी पोहोचल्यावर त्यांना मालगाडीच्या बंद डब्यांत इतके कोंबले की काही जण उभ्या उभ्याच मेले आणि पडायलाही जागा नव्हती. त्यानंतरच्या छावणीत पहिल्या काही महिन्यांतच वीस हजारांहून अधिक फिलिपिनो आणि सुमारे पंधराशे अमेरिकन मरण पावले.

या काळोखात एक दिवा होता, तो तेथील गावकऱ्यांचा. कैद्यांचा तांडा जिथून जाई तिथे बायामाणसे रस्त्याच्या कडेला पाण्याची भांडी ठेवत. पहारेकरी ती लाथेने उडवत, तरी पुढच्या गावात पुन्हा भांडी ठेवलेली असत. केळीच्या पानात बांधलेले भाताचे गोळे, उसाची कांडी गर्दीतून फेकली जात. हे करताना पकडल्या गेलेल्यांना मारहाण झाली, काहींचा जीवही गेला. आपण क्रूसाच्या वाटेवर सहाव्या स्थानापाशी गुडघे टेकतो तेव्हा रुमाल घेऊन पुढे आलेल्या वेरोनिकेचे ध्यान करतो. बाटानच्या रस्त्यावर अशा वेरोनिका गावोगावी उभ्या होत्या आणि त्यांची नावे कोणालाही माहीत नाहीत.

न्यू मेक्सिकोचा या साऱ्याशी संबंध काय? त्या लहानशा राज्यातील नॅशनल गार्डच्या दोन तोफखाना रेजिमेंट बाटानमध्ये होत्या, सुमारे अठराशे माणसे. त्यांतील सुमारे निम्मीच घरी परतली. अनेकजण स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिक घरांतील होते. त्या प्रदेशात 'सांतो निनो दे आतोचा' या नावाने बाळ येशूची भक्ती आहे. जुनी आख्यायिका अशी की स्पेनमध्ये तुरुंगातील कैद्यांना अन्न नेण्याची मनाई झाली, लहान मुलांनाच काय ती आत सोडत, तेव्हा एक अनोळखी बालक टोपलीत भाकरी आणि भोपळ्यात पाणी घेऊन रोज येऊ लागले आणि सगळ्यांना वाटूनही टोपली रिकामी होईना. बाटानच्या कैद्यांनी याच बाळ येशूचा धावा केला. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये जिवंत परतलेले सैनिक चिमायो या गावच्या तीर्थस्थानाकडे आभार मानण्यासाठी चालत गेले. आजही पवित्र आठवड्यात हजारो भाविक तिकडे पायी जातात. आपल्यापैकी जे नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेला किंवा हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला पायी गेले आहेत, त्यांना त्या सैनिकांचे मन उलगडून सांगावे लागणार नाही. चालण्यासाठीच वाचलेली माणसे ती. त्यांनी देवाला चालणेच अर्पण केले.

येथे शुभवर्तमानातील एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. मार्कच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, शेतावरून परतणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी वेठीस धरले आणि येशूचा क्रूस वाहायला लावला, असे सांगितले आहे. वेठ म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना सांगण्याची गरज नव्हती. पाटलाचा किंवा सरकारचा माणूस येई आणि म्हणे, उचल. मोबदला नाही, नकार नाही. मूळ ग्रीकमधला हा शब्द पर्शियन राजांच्या टपालाच्या व्यवस्थेतून आलेला आहे. राजाचा जासूद वाटेतल्या कोणाचाही घोडा किंवा श्रम हक्काने घेऊ शकत असे. रोमी शिपायांनी तीच रीत उचलली. नेमका हाच शब्द मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनात, प्रभू येशूच्या तोंडी आहे. कोणी तुला एक कोस वेठीला धरून नेले, तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असे तो सांगतो.

विचार करा, हे ऐकणारे लोक कोण होते? शिपायांच्या पडशा ज्यांनी खरोखर वाहिल्या होत्या, ते. पहिला कोस शिपायाचा असतो. त्यात माझी इच्छा नाही, मी ओझ्याचे जनावर असतो. पण दुसऱ्या कोसाचे पहिले पाऊल टाकतो तेव्हा मी पुन्हा माणूस होतो, कारण ते पाऊल कोणी टाकायला लावलेले नसते. ओझे तेच, रस्ता तोच, पायही तेच. बदलते ते एवढेच की आता ते मी देत असतो.

बाटानचा 1942 चा रस्ता हा पहिला कोस होता. तो वेठीचा होता, रक्ताचा होता. त्यात गौरव शोधू नये. मरणाऱ्यांना तो गौरव वाटला नव्हता. जे आज वाळवंटात सोळा किलो तांदूळ पाठीवर घेऊन चालतात, ते दुसरा कोस चालतात. मेलेल्यांच्या वतीने चालतात, कारण त्यांना स्वतःच्या इच्छेने एकही पाऊल टाकू दिले गेले नव्हते. आणि ज्यांना भाताचा एक गोळा मिळाला नाही, त्यांच्या नावाने तांदूळ कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचवतात.

या पदयात्रेत अनेक वर्षे एक वृद्ध गृहस्थ चालत असत. बेन स्कार्डन हे त्यांचे नाव. ते बाटानच्या मूळ रस्त्यावर चालले होते आणि जिवंत राहिले होते. नव्वदी ओलांडल्यावरही ते वर्षानुवर्षे या वाळवंटात साडेआठ मैल, म्हणजे सुमारे चौदा किलोमीटर चालले. बरोबर आपल्या पदयात्रेएवढे! शंभरी गाठल्यावरही ते पुन्हा आले. 2021 मध्ये, वयाच्या 104 व्या वर्षी, ते देवाघरी गेले. कोणी त्यांना विचारले की आपण का चालता, तर ते हेन्री लाइट्नर आणि ओटिस मॉर्गन या दोन मित्रांची हकिकत सांगत.

तिघेही क्लेमसन या एकाच कॉलेजचे विद्यार्थी. छावणीत स्कार्डन मलेरिया आणि बेरीबेरीने मरणपंथाला लागले. या दोघांनी, जे स्वतः उपाशी होते, त्यांना घास भरवले, त्यांचे सुजलेले, ठणकणारे पाय चोळले, डोळे पुसले. स्कार्डन यांनी कॉलेजची सोन्याची अंगठी पहारेकऱ्यांपासून लपवून जपली होती. शेवटी मित्रांनी ती गुपचूप विकायला नेली. तिच्या बदल्यात काय मिळाले? मांसाचा एक लहानसा डबा आणि एक कोंबडी. कोंबडी शिजवून तिचा रस्सा त्यांना पाजला आणि त्यावर तो माणूस उठला. लाइट्नर आणि मॉर्गन मात्र युद्धाचा शेवट पाहू शकले नाहीत. दोघेही कैदेतच गेले. स्कार्डन यांना पुढे पंचाहत्तरहून अधिक वर्षांचे आयुष्य लाभले आणि ते त्या दोघांची नावे घेत चालत राहिले.

शेवटच्या काळात कैद्यांना ज्या जहाजांच्या तळघरांत कोंबून जपानकडे नेले, त्याच जहाजांवर विल्यम कमिंग्ज नावाचे मेरीनोल संघाचे एक धर्मगुरू होते. तळघरात अंधार, तहानेने वेडी झालेली माणसे आणि किंकाळ्या. रोज संध्याकाळी हे फादर उभे राहून प्रार्थना म्हणत आणि तेवढा वेळ तिथे शांतता पसरे. जानेवारी 1945 मध्ये ते जहाजावरच मरण पावले. त्यांना हातांत धरून बसलेल्या एका कैद्याने पुढे लिहून ठेवले की 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणता म्हणता, रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी त्यांचा आवाज थांबला. आम्ही रोज मिस्सात ती प्रार्थना म्हणतो. हे वाचल्यापासून त्या ओळीपाशी आमचाही आवाज जरा अडखळतो. वेदीजवळ सेवा करणाऱ्या मुलांनी ते पाहिलेच असेल.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. चालल्याने मृताला काय पोचते?

पवित्र बायबलमध्ये मृतांसाठी प्रार्थना करण्याचा सर्वांत स्पष्ट दाखला कुठे आहे, ठाऊक आहे? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात. आमचे प्रोटेस्टंट बांधव हे पुस्तक आपल्या बायबलमध्ये धरत नाहीत, आपण धरतो. तो दाखला कोणा साधू-संताच्या मरणाचा नसून रणांगणावर पडलेल्या सैनिकांचा आहे. लढाईनंतर यहूदा मक्काबी आपल्या माणसांसह मृतदेह उचलायला गेला. पाहतो तर प्रत्येक मृताच्या अंगरख्याखाली परक्या मूर्तींचे ताईत होते. धर्मासाठी लढले आणि गळ्यात मात्र नियमाने निषिद्ध ठरलेली वस्तू! सगळे हादरले. यहूदाने काय करावे? ताईत लपवून त्यांना निष्कलंक वीर म्हणून पुरावे? की पापी म्हणून टाकून द्यावे? त्याने यांपैकी काहीच केले नाही. तो प्रार्थनेला उभा राहिला, मग माणसामाणसाकडून वर्गणी गोळा केली, दोन हजार द्राख्मा चांदी झाली आणि ती मृतांच्या पापांसाठी अर्पण करण्यास यरुशलेमला पाठवली. मृत पुन्हा उठणार नाहीत असे त्याला वाटत असते, तर हे सारे व्यर्थ ठरले असते, असे तो ग्रंथकार आवर्जून सांगतो.

मावशी, तुमच्या मुलाचे खरे तुम्हीच सांगितले आहे. तो कर्तव्य करताना गेला हेही खरे आणि तो चर्चची पायरी चढत नव्हता हेही खरे. ख्रिस्तसभेला यांपैकी एकही झाकावे लागत नाही. जो निर्दोष आहे त्याच्यासाठी प्रार्थनेची गरजच नाही, आणि ज्याच्याबद्दल आशाच नाही त्याच्यासाठी ती करून उपयोग नाही. आपण प्रार्थना करतो ती मधल्या माणसांसाठी, म्हणजे तुमच्या मुलासाठी आणि उद्या आमच्यासाठी.

आणि ती पोचते कशी? संत थॉमस अक्विनास यांच्या शिकवणीचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. प्रीतीने जोडलेली माणसे मरणाने तुटत नाहीत. एका शरीराच्या अवयवांपैकी एकाने खाल्ले तर दुसऱ्याला बळ येते, तसे प्रीतीने केलेले एकाचे काम दुसऱ्याच्या खाती लागते. 'संतांचा समागम' असे आपण दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो, ते हेच. फक्त ते काम प्रीतीचे हवे. नुसते पाय दुखवून घेण्यात काही नाही; पाय तर बैलाचेही दुखतात. पण शरीर हे आत्म्याचे वाहन आहे, बाहेरची वस्तू आहे, असेही आपण मानत नाही. आपण शरीरानेच प्रीती करतो, जशी लाइट्नर आणि मॉर्गन यांनी पाय चोळून केली. म्हणून चौदा किलोमीटर वाहिलेले दोन किलो धान्य ही प्रार्थना होऊ शकते.

संत पौल गलतीकरांना लिहितात, एकमेकांची ओझी वाहा. आणि लगेच त्याच अध्यायात लिहितात की प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. सेमिनरीत आम्हाला ही विसंगती वाटे. आता वाटत नाही. त्या आईच्या काळजावरचा भार आपल्यापैकी कोणालाही उचलता येणार नाही, तसा आव आणणेही खोटे. पण तिच्या शेजारून दुसरे काही ओझे घेऊन चालता येते.

आणखी एक गोष्ट, ती युवक मंडळासाठी. व्हाइट सँड्सच्याच विस्तीर्ण क्षेत्रात, उत्तरेच्या टोकाला, 16 जुलै 1945 रोजी पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. त्याच प्रकारचा बॉम्ब 9 ऑगस्टला नागासाकीवर पडला. शतकानुशतके छळ सोसून श्रद्धा जपलेल्या जपानी कॅथलिकांची उराकामी ही वस्ती तेथेच होती. त्यांच्या महामंदिराचे ढिगारे झाले, हजारो भाविक जळाले. बाटानमध्ये संगिनी कोणाच्या हाती होत्या आणि नागासाकीत जपमाळ कोणाच्या हाती होती, हे दोन्ही लक्षात ठेवणाऱ्यालाच मृत सैनिकाचे स्मरण करता येते. बाकीचे फक्त नवा शत्रू शोधतात. 2009 मध्ये जपानच्या राजदूतांनी बाटानच्या वाचलेल्या कैद्यांसमोर उभे राहून क्षमा मागितली. सदुसष्ट वर्षे लागली त्याला. काहींनी ती स्वीकारली, काहींना जमले नाही, आणि त्यांना दोष देणारे आपण कोण? आपल्या पदयात्रेत मात्र कोणत्याही देशाविरुद्ध, कोणत्याही समाजाविरुद्ध घोषणा होणार नाहीत. हे आम्ही आजच स्पष्ट सांगून ठेवतो. गेल्या वर्षी शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये काय झाले ते आम्ही ऐकले आहे.

गेल्या मंगळवारी आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो आणि वर लिहिले ते सगळे, इतके नीट नाही, पण सांगितले. तिने ऐकून घेतले. चहा झाला. मग तिने विचारले, "ते ताईत सापडलेले सैनिक, त्यांच्या आयांना कोणी सांगितलं का, की पैसे पाठवले म्हणून?"

हे आम्ही कोणत्याही भाष्यात वाचलेले नाही. आम्ही तसे सांगितले.

"सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

तर यंदाची व्यवस्था अशी. फलक नाही, फोटो नाही. येत्या शनिवारी पहाटे 5 वाजता चर्चच्या पटांगणात जमावे. निघण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील मृतांची नावे वाचली जातील. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी गुरुवारपर्यंत कार्यालयात चिठ्ठी द्यावी. सैन्यातच मेलेला असावा असे नाही. प्रत्येकाने जमेल तेवढे ज्वारी, बाजरी, तांदूळ किंवा डाळ स्वतःच्या पाठीवर आणावी. टेम्पोत टाकून पुढे पाठवू नये, ही विनंती. लहान मुलांनी अर्धा किलोपेक्षा जास्त घेऊ नये. ज्यांना गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी चालण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी मागून गाडी आहे आणि त्यांचे धान्य घरातल्या तरुणाने उचलावे. वाटेत पाण्याची सोय तीन ठिकाणी महिला मंडळ करणार आहे. शेवटच्या स्थानापाशी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे बंधू धान्य मोजून घेतील आणि पवित्र आठवड्यात ते गरजू कुटुंबांच्या घरी पोहोचवतील. ती कुटुंबे कोणत्या धर्माची आहेत हे विचारले जाणार नाही.

धान्य भरण्यासाठी कापडी पिशव्या कार्यालयात ठेवल्या आहेत. पहिली पिशवी बुधवारी सकाळीच भरून आली. पाच किलो बाजरी आहे, पाखडून निवडलेली. ती कोणी वाहायची, हे युवक मंडळाने आपसात ठरवावे.

प्रभुसेवेत आपले,
प्रमुख धर्मगुरू